जळगावात मुलांची फुटबॉल लीग सुरू करायची तर

जळगावहून एका आईने विचारलं आहे. मुलगी अकरा वर्षांची, फुटबॉलचं वेड. शाळेचा संघ जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत पहिलाच सामना हरला आणि तिचं वर्षभराचं खेळणं तिथंच संपलं. आता पाच-सहा पालक मिळून शहरातल्या मुलांसाठी रविवारची लीग सुरू करू म्हणतात. पगारी कोणी नाही, सगळे हौशी. मैदान कुठून आणायचं, पैसा कसा उभा करायचा आणि माणसं टिकतील का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

ताई, धुळ्यात मी हेच काम बरीच वर्षं करतो आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मैदान मिळतं. पैसाही मिळतो, खान्देशात पोरांच्या खेळाला कोणी थेट नाही म्हणत नाही. माणसं टिकवणं हेच खरं काम. अशा लीग बंद पडताना मी पाहिल्या आहेत आणि त्यांची कथा बहुतेक सारखीच असते. एक भाऊ किंवा एक ताई सगळं अंगावर घेतात. मैदानाच्या रेषांची फक्की तेच मारतात, वेळापत्रक तेच लावतात, भांडणं तेच सोडवतात, पाण्याचे जारही तेच आणतात. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली होते, किंवा घरात कुणी आजारी पडतं, आणि लीग संपते. म्हणून पुढे जे सांगतो त्यात एकच कसोटी धरा: रविवारी पहिला सामना ठरल्या वेळी सुरू होतो का, आणि तुम्ही स्वतः त्या दिवशी गावाला गेलात तरी होतो का. जे केल्याने हे सोपं होईल ते करा, बाकीचं पुढच्या वर्षी.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्याकडे स्पर्धा म्हटलं की डोळ्यांपुढे ‘चषक’ येतो. कुणाच्या वाढदिवसाचा, कुणाच्या स्मरणार्थ. दोन दिवस लाउडस्पीकर, रोख बक्षीस, हरलेला संघ घरी. बाद पद्धतीत १६ संघ उतरले तर एकूण सामने १५ होतात आणि त्यातले ८ संघ एकच सामना खेळून परत जातात. तुमच्या मुलीचं झालं तेच. याउलट ८ संघांची साखळी लावली, म्हणजे प्रत्येक संघ बाकी सगळ्यांशी एकदा खेळला, तर २८ सामने होतात, प्रत्येक संघाला ७ रविवार ७ सामने. पोरगी पहिल्या रविवारी हरली तर आठवडाभर चिडचिड करेल, पण पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात असेल. खेळ येतो तो यातूनच. तुम्हाला कुणीतरी नक्की भेटेल आणि म्हणेल, ‘ताई, एवढा व्याप कशाला, एकच मोठा चषक भरवू, स्पॉन्सर माझ्याकडे आहे.’ त्याला चहा पाजा आणि नाही म्हणा.

पहिल्या वर्षी दोनच वयोगट घ्या: दहा वर्षांखालचे आणि बारा वर्षांखालचे. वय १ जानेवारीला धरायचं आणि पुरावा एकच मागायचा, जन्मदाखला. शाळेचा दाखला, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी असे चार पर्याय ठेवलेत की प्रत्येक पर्यायामागे एक वाद उभा राहतो. लहान गट पाच-पाचचा खेळवा, संघात ८ मुलं. मोठा गट सात-सातचा, संघात १० मुलं. दोन्ही गटांत ८ संघ धरले तर १४४ मुलं होतात. एका शहरी लीगला सुरुवात म्हणून हे भरपूर आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांचं होतं, आता त्याहून मोठं असणार. मुलं कमी पडणार नाहीत, उलट रांग लागेल. रांग लागली तरी संघ वाढवू नका. प्रतीक्षा यादी ठेवा. यादीतल्या पोरांना गळालेल्यांच्या जागी घेता येतं आणि पुढच्या वर्षीचे संघ आपोआप तयार असतात.

अकरा-अकराचा हट्ट सोडा. दहा वर्षांच्या पोराला मोठ्या मैदानात आणि ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच गोलसमोर उभं केलं तर गोलकीपर रडकुंडीला येतो आणि दोन दांडगी पोरं सोडून बाकीची नुसती धावत राहतात. लहान मैदानात चेंडू प्रत्येकाच्या पायाशी येतो. दोन्ही गटांना ४ नंबरचा चेंडू द्या. ५ नंबरचा तेरा-चौदाच्या पुढे. ऑफसाइड पहिल्या वर्षी ठेवूच नका. रेफरीची आणि पालकांची निम्मी भांडणं तिथंच वाचतात. आणि मुद्दाम डोक्याने चेंडू मारणंही ठेवू नका. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्येच दहा आणि त्याखालच्या वयाला हेडिंग बंद केलं. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांची काळजी हे त्यामागचं कारण. आपल्या कडक जमिनीवर नुसतं पडण्यानेच डोक्याला पुरेसा मार बसतो.

आता मैदान. सागर पार्क आणि शिवतीर्थ ही नावं कुणीही आधी सुचवेल, कारण ती मोक्याची आहेत. पण सभा आणि प्रदर्शनंही तिथंच होतात. रविवारची जागा शुक्रवारी गेली असं कळलं तर तुमचं वेळापत्रक कोलमडतं, आणि मंडप निघाल्यावर खुंट्यांचे खड्डे व खिळे मागे राहतात ते वेगळंच. जिल्हा क्रीडा संकुलात विचारून पाहा, पण माझा कल शाळेच्या मैदानाकडे आहे. रविवारी शाळा बंद, भोवती भिंत, नळ आणि स्वच्छतागृह आहे, फाटकाला कुलूप आहे. मुलींसाठी स्वच्छतागृह हा मुद्दा पुरुष मंडळी हमखास विसरतात. जवळपास साठ मीटर बाय पंच्याऐंशी मीटर मोकळी जागा असेल तर सात-सातची दोन मैदानं शेजारी-शेजारी बसतात, प्रत्येक ५५ बाय ३७ मीटरचं. पाच-पाचचं मैदान त्यातच शंकू ठेवून लहान करता येतं.

मुख्याध्यापकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या तारखांना कोणत्या वेळेत, कुलूप उघडणाऱ्या आणि लावणाऱ्या दोन माणसांची नावं, आणि नुकसान झालं तर भरपाई कोण करणार. त्या बदल्यात गोलपोस्ट शाळेकडेच राहतील, आठवडाभर त्यांची मुलं वापरतील असं सांगा. हे बहुतेक चालतं. जाता जाता शाळेचं क्रीडा साहित्याचं कपाटही बघून घ्या. १७ वर्षांखालील विश्वचषक २०१७ मध्ये भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवलं होतं. तेव्हाचे चेंडू कुठे कुठे अजून पडलेले असतील. ब्लॅडर चांगला असेल तर सरावाला चालतात.

जमीन कशी आहे यावर हंगाम ठरतो. काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोकिलोने चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगेत पोराचा पाय गेला की घोटा मुरगळलाच. मुरमाच्या मैदानावर भेगा नाहीत, पण गुडघे सोलतात. गवत मिळालं तर नशीब समजा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ‘सुट्टीत घेऊ ना, पोरं मोकळी असतात’ हा सल्ला मनावर घेऊ नका. दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करायचं आणि संक्रांतीच्या सुमारास उरकायचं. ७ रविवार सामन्यांचे आणि २ रविवार राखीव, असे ९ रविवार त्यात बसतात. शाळांच्या परीक्षाही पुढे राहतात. नाव नोंदणी श्रावणात ठेवणार असाल तर कानबाईच्या सणाचा रविवार टाळा. त्या दिवशी अर्धं खान्देश रोटाच्या जेवणाला भावकीत असतं, तुमच्या टेबलावर कोणी फिरकणार नाही.

डिसेंबरात सूर्य सातच्या जवळपास उगवतो, म्हणून पहिला सामना साडेसातला. दोन मैदानं, आठ सामने, पंचावन्न मिनिटांचा एक असे चार फेरे केले की अकरा-सव्वा अकराला सगळं आटोपतं. तोवर ऊन चढायला लागलेलं असतं. तहान लागायची वाट न बघता प्रत्येक विश्रांतीत पाणी द्या.

मैदान आखण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण वाकडं मैदान पाहिलं की पालकांचा विश्वासच उडतो. गवंडी जसा गुण्या लावतो तसा काटकोन दोरीने काढायचा. एका कोपऱ्यात खुंटी ठोका. एका रेषेवर ३ मीटरवर खूण, दुसऱ्या रेषेवर ४ मीटरवर खूण, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत दुसरी रेषा सरकवा. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. ५५ बाय ३७ च्या मैदानाचा कर्ण ६६ मीटर ३० सेंटिमीटर यायला हवा. दोन्ही कर्ण सारखे आले की मैदान सरळ आहे. चार कोपऱ्यांना जमिनीच्या पातळीत लाकडी खुंट्या कायमच्या ठोकून ठेवा, रंगाचा ठिपका द्या. पुढच्या रविवारी फक्त दोरी ताणून फक्की मारायची. पंधरा मिनिटांचं काम. फक्कीसाठी कळीचा चुना कधीही आणू नका. ओल्या डोळ्यात किंवा घामेजल्या कातडीवर तो भाजतो, आणि पोरं तर रेषेवरच लोळतात. रांगोळीची साधी दगडी भुकटी आणा. काळ्या मातीवर ती छान उठून दिसते आणि डोळ्यात गेली तर पाण्याने निघते.

गोलपोस्ट गावातलाच वेल्डर पाइपचे करून देतो, बारा फूट रुंद, सहा फूट उंच. त्याला एकच बजावा: मागचा पाया रुंद हवा. सुटा गोल पुढे कोसळून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. आडव्या दांडीला पोरं लोंबकळतात, वारा असतो, आणि तो लोखंडी सांगाडा डोक्यावर येतो. जमिनीत लोखंडी खुंट्या तर हव्यातच, पण आपली काळी माती वाळली की खुंटी ढिली होते, म्हणून मागच्या पाइपवर वाळूची भरलेली पोती टाकायचीच. सामने संपले की गोल जमिनीवर पालथे घालून साखळीने बांधायचे. हे काम कुणाकडे आहे ते नावासह लिहून ठेवा.

संघ कसे करायचे यावर माझं मत ठाम आहे, आणि ते तुम्हाला कटकटीचं वाटेल. पहिल्या वर्षी तयार संघ घेऊ नका. एखादी अकादमी किंवा एखादी शाळा आपला पक्का संघ घेऊन आली की पहिल्याच रविवारी बारा-शून्य लागतो, हरलेली पोरं तिसऱ्या रविवारी येत नाहीत आणि तुमची साखळी तुटते. सगळ्या मुलांना एका रविवारी बोलावून लहान लहान सामने खेळवा, तीन-चार जण कडेला बसून प्रत्येकाला एक ते चार आकडा द्या आणि आकडे समान वाटून संघ करा. भावंडं एकाच संघात. पिंप्राळ्याकडची पोरं शक्यतो अशा संघात, जिथे त्या बाजूचं आणखी एक घर आहे, म्हणजे रेल्वे ओलांडून यायला एका गाडीवर दोघं-तिघं येतात. मित्र मागतील, एक मित्र द्या, चार नको.

मुली बारा वर्षांपर्यंत मुलांबरोबरच खेळतील. त्या वयात ताकदीचा फरक फार नसतो, आणि वेगळी मुलींची लीग काढाल तर पहिल्या वर्षी दोनच संघ होतील. पण एका संघात एकटीच मुलगी टाकू नका. आठ संघांत आठ मुली विखुरण्यापेक्षा चार संघांत दोन-दोन ठेवा. लेगिंग घालायची असेल तर घालू द्या. गणवेश म्हणजे एका रंगाचा टी-शर्ट, एवढंच. बुटांचंही तसंच. कॅनव्हास चालतात, रबरी स्टड उत्तम, धातूचे बंद. नडगीला पॅड मात्र सगळ्यांना सक्तीचं. पोरांचे पाय वर्षात वाढतात, म्हणून लहान झालेले बूट एका पेटीत जमा करायला सांगा. दुसऱ्या वर्षी त्या पेटीवर गर्दी होते.

आता नियम, ज्यावर लीग उभी राहते किंवा बुडते: प्रत्येक पोराने किमान अर्धा वेळ खेळलंच पाहिजे. नुसतं सांगून हे होत नाही, सामन्याची रचनाच तशी करावी लागते. मोठ्या गटाचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळवा आणि बदली फक्त भाग संपल्यावर. सात जागा गुणिले चार भाग म्हणजे २८ जागा. संघात १० पोरं, तर आठ जणांना तीन भाग आणि दोघांना दोन भाग मिळतात. पुढच्या रविवारी ते दोघं वेगळे. लहान गटात आठ-आठ मिनिटांचे चार भाग, पाच जागांच्या हिशोबाने २०, आठ पोरांत चौघांना तीन आणि चौघांना दोन. हा तक्ता शनिवारी रात्री भरायचा आणि सामन्याच्या आधी संघाच्या पुठ्ठ्यावर टाचणीने लावायचा.

या पुठ्ठ्याचा उपयोग तुम्हाला दुसऱ्याच आठवड्यात कळेल. कुणाचे तरी वडील दोरी ओलांडून येतात, आवाज चढलेला, ‘मना पोऱ्याले काबरं बसाडं?’ (माझ्या पोराला का बसवलं?) प्रशिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचं. ते वाचतात, बोटाने ओळ मोजतात, आपला पोरगा तिसऱ्या आणि चौथ्या भागात आहे हे दिसतं, आणि गडी गुमान परत जातो. तोंडी हिशोबावर लोक भांडतात, लिहिलेल्यावर सहसा नाही.

पालकांना मैदानाच्या एका बाजूला, प्रशिक्षक आणि राखीव मुलांना दुसऱ्या बाजूला बसवा. मधे दोरी, रेषेपासून तीन मीटर मागे. जळगावात चटईचे कारखाने कमी नाहीत. कुणाकडून पंधरा-वीस चटया मागून घ्या. बसलेला माणूस उभ्यापेक्षा कमी ओरडतो. मैदानात काय करायचं हे फक्त प्रशिक्षकाने सांगायचं, पालकांनी टाळ्या वाजवायच्या. दोरीपाशी पालकांवर लक्ष ठेवायला रेफरी पाठवू नका, दोन पालकच ठेवा, कारण रेफरी म्हणून तुमच्याकडे मोठी माणसं नसतील. नसावीतही. पंधरा ते सतरा वयाची जी पोरं-पोरी शाळेत-कॉलेजात फुटबॉल खेळतात त्यांना शिट्टी द्या. दोन संध्याकाळी बसवून नियम सांगा, दर रविवारी थोडं मानधन आणि पोटभर पोहे. त्यांच्यावर जो पालक ओरडेल त्याला त्या दिवशी मैदानाबाहेर बसायचं, हे नोंदणीच्या फॉर्मवरच छापून सही घ्या. पहिल्यांदा हा नियम एखाद्या वजनदार माणसाला लावावा लागेल. लावा. तुमच्या समितीतलाच निघाला तर आणखी चांगलं.

प्रशिक्षकही पालकच असतील, संघामागे दोन. फुटबॉलचं फार ज्ञान लागत नाही. दहा वर्षांच्या पोरांना चेंडू द्यायचा, दोन छोटे गोल मांडायचे आणि खेळू द्यायचं, यात बहुतेक सराव संपतो. ज्याला पुढे शिकायचं आहे त्याने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ परवान्याची चौकशी करावी. मला ज्याला सगळं येतं अशा बापापेक्षा काही न येणारी पण सगळ्या पोरांची नावं पाठ असलेली आई जास्त उपयोगी पडते.

रविवारची कामं बारीक करा. मैदान आखायला चार जण, नोंदवहीवर दोन, पाणी आणि प्रथमोपचाराला दोन, दोरीपाशी दोन, आवरायला चार. म्हणजे १४ माणसं. ७ रविवारांचे ९८ होतात आणि तुमच्याकडे १४४ मुलांची घरं आहेत. दर घराने हंगामात एक रविवार दिला तरी माणसं उरतात. म्हणून फॉर्म भरतानाच तारीख निवडायला लावा. तारखेशिवाय फॉर्म पुरा धरायचा नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि ‘ताई, त्या दिवशी साल्याचं लग्न आहे’ असे फोन येतात. उत्तर एकच: अदलाबदल तुम्ही करा, आम्हाला फक्त नाव कळवा. व्हॉट्सॲपचा मुख्य ग्रुप असा ठेवा की त्यात फक्त दोघंच लिहू शकतील. नाहीतर शनिवारी रात्री मैदानाचा निरोप शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. वर्षभराची कामं म्हणजे वेळापत्रक, पैसा, मैदान आणि रेफरी. या चारही कामांना दोन-दोन नावं, आणि त्यातलं एक दर वर्षी बदलायचं.

पैशाचं थोडक्यात. शुल्क ठेवा, फुकट ठेवू नका. फुकट असलं की नोंदणी १४४ आणि हजेरी ८०. ज्याला जमत नाही त्याचं माफ, पण कुणाचं माफ हे फक्त खजिनदाराला माहीत हवं. देणगी मागायला सराफ बाजार आहे, दाळ मिलवाले आहेत, केळीचे व्यापारी आहेत. मागताना रोख रकमेऐवजी वस्तू मागा: ‘एका संघाचे टी-शर्ट तुमचे’, ‘चेंडू तुमचे’. वस्तू दिसते, देणाऱ्याला समाधान आणि तुम्हाला हिशोब सोपा. करंडकावर मात्र पैसा घालवू नका. देणगीदार उद्घाटनाला पाहुणा आणतो म्हणेल. पाहुणा दहाला येतो आणि साडेसातची पोरं थंडीत रांगेत उभी राहतात. त्यांना शेवटच्या रविवारी बोलवा, सामने संपल्यावर.

क्यूआर कोड कुणाच्या वैयक्तिक खात्याचा नको. पहिल्या वर्षी एखाद्या नोंदणीकृत मंडळाच्या किंवा संस्थेच्या छत्राखाली चालवा, त्यांच्या खात्यात वेगळी वही ठेवून, दोन सह्यांनी. लीग टिकते आहे असं दिसलं की स्वतःची संस्था करा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान ७ सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद होते. ते काम धर्मादाय आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात. मग दरवर्षी लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. एखादा हौशी सीए पालक शोधून ठेवा, त्याला रविवारचं दुसरं काम देऊ नका.

एका विषयावर मात्र हौस चालत नाही, मुलांची सुरक्षितता. कोणत्याही मोठ्या माणसाने कोणत्याही मुलासोबत एकट्याने राहायचं नाही. सरावाला, गाडीत, खोलीत, नेहमी दोन मोठी माणसं. स्वयंसेवकांची ओळखपत्रं आणि पोलीस पडताळणी घ्या. कुणाला अपमान वाटला तर वाटू द्या. पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यानुसार मुलावर अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘आपसात मिटवू’ हे वाक्य समितीत कुणी काढलं तर तिथंच थांबवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि रुग्णवाहिका १०८ हे दोन नंबर नोंदवहीच्या पहिल्या पानावर. बर्फाचा डबा रोज हवा. डोकं आपटलेलं पोर कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी त्या दिवशी परत मैदानात जात नाही. घेरी, उलटी, विसरल्यासारखं बोलणं दिसलं तर थेट दवाखाना. हा निर्णय प्रशिक्षकाचा नसतो, प्रथमोपचाराच्या टेबलावर बसलेल्या माणसाचा असतो, कारण प्रशिक्षकाचा जीव गोलात अडकलेला असतो.

जिल्हा फुटबॉल संघटनेला सुरुवातीलाच भेटून या. राज्यात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा ही अधिकृत संघटना आहे आणि महासंघाकडे लहान मुलांच्या लीगसाठी योजना आहेत. २०१८ पासून ‘बेबी लीग’ या नावाने त्या चालल्या, हल्ली ‘ब्लू कब्स’ म्हणतात. परवानगीसाठी जाताय असं दाखवू नका, निमंत्रण द्यायला जा. तुमच्या लीगमधून पुढे कुणी सुब्रतो कपच्या शालेय संघात किंवा जिल्ह्याच्या संघात गेलं तर हे नातं कामाला येतं. तुमच्या मुलीला शाळेच्या संघातही खेळत राहू द्या. दोन्ही तारखा एकाच रविवारी आल्या तर शाळेला आधी जाऊ द्यायचं, हे नियमात आधीच लिहून टाका, म्हणजे क्रीडाशिक्षक तुमच्याविरुद्ध जात नाहीत.

गुणतक्ता लावायचा की नाही, हे तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. मोठ्या गटाला लावा, लहान गटाला नको. लहान गटातली पोरं तरीही आपापले गोल मोजत असतात, त्यांना मोजू द्या. मोठ्या गटात जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक, आणि पाचपेक्षा जास्त गोलांचा फरक तक्त्यात पाचच धरायचा. सहावा गोल मारून काही मिळत नाही हे कळलं की प्रशिक्षक आपोआप बचावातल्या पोराला पुढे पाठवायला लागतात.

दोन राखीव रविवार सांगितलेत ते कुठल्याही मोहात पडून भरू नका. अवकाळी पाऊस, मंत्र्यांचा दौरा, शाळेचं स्नेहसंमेलन, यातलं एक तरी येतंच. काही आलंच नाही तर एका राखीव रविवारी पालक विरुद्ध पोरं असा सामना लावा आणि शेजारी वांग्याच्या भरीताची चूल पेटवा. त्या दिवशी पुढच्या वर्षीच्या कामांच्या यादीवर नावं मागितली की मिळतात, कारण तेव्हा सगळे पालक तिथंच असतात आणि दमलेले असतात.